दहा किलोपर्यंत

मोठ्या माणसाचं औषध वयावर ठरतं. लहान मुलाचं वजनावर.

*

टेकडीवरच्या रोपवेची पहिली ट्रॉली सकाळी रिकामी वर जाते आणि रिकामी खाली येते. माझ्या काउंटरवरून ती दिसते. आत कुणी नसतं, तरी खालचा माणूस दार उघडून बाजूला सरकून उभा राहतो.

*

धुतलेला खल पुसायचा नाही. पालथा ठेवायचा. पुसला की कापडाचे धागे राहतात.

*

कडू औषधाला संत्र्याचा वास लावला तर मूल पुढं आयुष्यभर संत्र्याला घाबरतं. म्हणून मी वास लावत नाही.

*

श्रिया धीरज. हृदयासाठी. हलवून द्यावे. दिवसातून तीन वेळा. एकही वेळ चुकवू नये.

*

देवासला सयाजी द्वारापासून थोडं आत माझं औषधांचं दुकान आहे. पाटीवर अजून वडिलांचंच नाव आहे. बापूसाहेब जुन्या संस्थानी दवाखान्यात कंपाउंडर होते. ते गेल्यावर मी शिकून, परीक्षा देऊन त्याच स्टुलावर बसले. आता माझं वय चोपन्न.

आता सगळं तयार येतं. पण हृदयाची गोळी कंपनी बनवते ती साठ किलोच्या माणसासाठी. आठ किलोच्या पोरीला ती कशी द्यायची? नखानं चार तुकडे केले तर एक मोठा, एक लहान. मग कुणीतरी ती खलात घोटायची, गोंदाची भुकटी घालायची, साखरेच्या पाकात एकजीव करायची आणि एका मिलीत किती औषध आहे ते लिहून द्यायचं. हे करणारे आता थोडे उरलेत. म्हणून लोक सतवासहून येतात, सरदारपूरहून येतात.

बापूसाहेबांचा एक दंडक होता. दस्ता उचलायच्या आधी रोग्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. त्यानंतर औषध बाटलीत पडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. ते म्हणायचे, "नाव घेतलं की हात त्याच्यासाठी चालतो. नाहीतर हात नुसताच चालतो."

माझा स्वतःचाही एक नियम आहे. नवी बाटली न्यायला येताना जुनी परत आणायची. आत किती उरलंय ते मी मोजते. उरलेलं जास्त असेल तर डोस चुकलेत. कमी असेल तर मुलानं थुंकलंय, उलटी केलीय, आईनं परत दिलंय. जिवंत मुलाचं माप कधी जुळत नाही. दोनचार चमचे इकडं तिकडं होतातच.

*

धीरज पहिल्यांदा आला तो दोन हजार तेवीसच्या सप्टेंबरात. धारहून. पीथमपूरच्या कारखान्यात कामाला, अठ्ठावीस-तीसचा, शर्टाच्या खिशाला कंपनीचा बिल्ला.

"काकू, डॉक्टर साब म्हणाले, ये काम सिर्फ देवासवाल्या ताईच करतात. आता तुम्ही ताई की काकू?"

"तुझ्याएवढा भाचा आहे मला."

"तो फिर काकू. पक्कं."

पोरीचं नाव कागदावर श्रिया, घरी गुड्डी. सव्वा वर्षाची. हृदयात जन्मापासून छिद्र, आणि फुप्फुसाकडं रक्त जायची वाट अरुंद. रडली की ओठ निळे पडायचे. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दहा किलो झाली की ऑपरेशन. तोवर हे औषध.

तेव्हा ती सात किलोची होती.

दर महिन्याला तिची आई कृतिका वजन लिहून चिठ्ठी पाठवायची. घरी आढ्याला लटकता काटा होता, अंगणवाडीत असतो तसा, कापडाच्या झोळीचा. चिठ्ठीवरून मी डोस बसवायची. बाटली नेहमी एकच: दोनशे मिली, चाळीस मिलिग्रॅमच्या वीस गोळ्या. वजन वाढलं की डोस वाढतो आणि बाटली लवकर संपते. म्हणून धीरज आधी आला की मला बरं वाटायचं.

"सात पाचशे," तो आत यायच्या आधीच ओरडायचा. "काकू, ढाई किलो बाकी!"

"मोठ्यानं नको सांगू. दृष्ट लागेल."

"तुमचीच लागेल, दुसरं कोण ऐकतंय."

डिसेंबरात त्यानं फोनवर व्हिडिओ दाखवला. गुड्डी सिरिंज बघून तोंड घट्ट मिटून घेते आणि मग हसू आल्यामुळं तोंड उघडतं. त्यातच कृतिका औषध सोडते. अर्धं हनुवटीवर.

मी तो व्हिडिओ दोनदा बघितला.

*

नोंदवहीतून:

९ जानेवारी. सात किलो नऊशे.
११ फेब्रुवारी. सात किलो दोनशे.
१९ मार्च. सात किलो आठशे.
२२ एप्रिल. आठ किलो सहाशे.

*

फेब्रुवारीतला आकडा मी लिहून घेतला आणि काही विचारलं नाही. धीरज त्या दिवशी दाराबाहेरूनच बोलला. दाढी वाढली होती. "बीच में तब्येत खराब झाली होती. आता ठीक आहे. बनवून द्या."

मार्चमध्ये तो पुन्हा आत येऊन बसला. पण ओरडला नाही. चिठ्ठी पुढं सरकवली.

एप्रिलमध्ये मी जुनी बाटली मोजनळीत ओतली आणि थांबले. उरायला हवं तेवढंच उरलं होतं. मिलीला मिली. मार्चची नोंद काढून बघितली. तेव्हाही तसंच. पाच आठवडे दिवसातून तीन वेळा औषध दिलं गेलं आणि एक थेंब सांडला नव्हता, एक थेंब हनुवटीवर गेला नव्हता.

"बरीच शहाणी झाली की रे गुड्डी," मी म्हटलं.

"हो," धीरज म्हणाला. तो टेकडीकडं बघत होता. "आता रडत पण नाही."

आणखी एक गोष्ट. महिन्यात आठशे ग्रॅम. असल्या हृदयाचं मूल इतकं वाढत नाही. आई देतेय चांगलंचुंगलं, असं मी मनाशी म्हटलं. माणूस काहीही म्हणतो.

*

मेच्या मध्यावर एक बाई आल्या. धारच्या जानकीबाई, टेकडीवर देवीच्या दर्शनाला आलेल्या. उन्हानं चक्कर आली म्हणून साखरपाण्याची पुडी घ्यायला दुकानात शिरल्या. मी पंखा त्यांच्याकडं फिरवला, पाणी दिलं.

"धारहून दर महिन्याला येतो आमच्याकडं एकजण," मी बोलायचं म्हणून बोलले. "धीरज. तलावाच्या मागं राहतो. पोरीचं औषध न्यायला."

जानकीबाईंनी ग्लास खाली ठेवला.

"कुठल्या पोरीचं?"

"गुड्डीचं."

"अहो बाई, आमच्या भिंतीला भिंत आहे त्यांची." त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "गुड्डी कुठाय आता? एकवीस जानेवारीला गेली ती. संक्रांतीला बोरन्हाण घातलं होतं, मीच हलव्याचे दागिने केले होते इवलेसे. बोरं वेचायला सगळी पोरं अंगावर पडली, ही मध्ये बसून हसत होती. आठवडा नाही झाला. दुपारी रडली, निळी पडली, आणि मग... दवाखान्यापर्यंत पण नाही पोचले."

रोपवेची ट्रॉली वर चालली होती. भरलेली.

"कृतिका कशी आहे?" मी विचारलं.

"दार लावून असते. मशीन चालू असतं. शिवते, शिवते. आम्ही कुणी जात नाही आता. बरं नाही वाटत तिथं."

"म्हणजे?"

"पोर झोपलेल्या घरात आपण कसं हळू बोलतो? तसं होतं तिथं. आपोआप."

त्यांनी पुडी पर्समध्ये टाकली आणि गेल्या.

*

मी इंदूरच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, हो, ती गेली, वाईट झालं. असल्या मुलांचं सांगता येत नाही. औषध चालू असताना सुद्धा कधी कधी होतं.

"औषध चालू असताना सुद्धा?" मी विचारलं.

"हो."

"म्हणजे औषधानं फरक पडतोच असं नाही?"

"मॅडम, पडतो तर. म्हणून तर देतो. पण सांगता येत नाही."

फोन ठेवल्यावर मी नोंदवही उघडून बसले. नऊ जानेवारीला बाटली नेली. बारा दिवसांनी ती गेली. त्यानंतर तीन बाटल्या.

मी शांतपणे विचार केला. एक, ते औषध ओतून देत असतील. दुःखात माणसं ताट वाढून ठेवतात, कपडे इस्त्री करतात. दोन, दुसऱ्या कुणाच्या मुलाला देत असतील. हे घातक. चांगल्या हृदयाच्या मुलाला हे औषध दिलं तर ठोके मंदावतील. तीन

तीन मी लिहिलं नाही.

*

तेवीस मे. धीरज आला तेव्हा त्याचा चेहरा पहिल्यासारखा होता. जवळजवळ पहिल्यासारखा.

"नऊ चारशे, काकू. अब बस छे सौ."

"धीरज."

"दहा झाली ना, की तुम्हाला गरम जलेबी."

"धीरज, तू तिला शेवटचं कधी बघितलंस?"

तो काउंटरवरची काच बोटानं पुसू लागला. काच स्वच्छ होती.

"औषध कृतिका देते," तो म्हणाला. "मी ड्यूटीवर असतो. वजन पण तीच करते. मी फक्त काटा वाचतो. काटा खोटं बोलत नाही ना, काकू?"

"नाही."

"मग बनवा ना."

मी आत गेले. पडदा ओढला.

कृती: श्रिया धीरज
गोंदाची भुकटी: घातली.
पाक: दोनशे मिलीपर्यंत.
गोळ्या:
नाव: घेतलं नाही.

गोळ्यांशिवायही बाटली तशीच दिसते. तीच पांढरी गढूळ दाट धार. हलवली की तसाच फेस. मी लेबल चिकटवलं आणि ती त्याच्या हातात दिली. तो जाताना दारात वाकून नमस्कार करून गेला, नेहमी करायचा तसा.

मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. तेवढीच.

*

तो अठ्ठावीस दिवसांनी यायला हवा होता.

अकराव्या दिवशी आला. तीन जून, सकाळी साडेनऊ. मी नुकतं शटर वर केलं होतं. बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली होती, चिठ्ठी घामानं ओली. कृतिकाचं अक्षर वेडंवाकडं.

आठ किलो शंभर.

"औषध लागत नाहीये," तो म्हणाला. "कृतिका म्हणते, ओठ परत तसे झाले. दिवसभर रडते म्हणते. मला ऐकू नाही येत, काकू, पण पाळण्याची दोरी..." तो थांबला. "काटा रोज खाली चाललाय. रोज. सच सांगा, यावेळी औषधात काही बदललं का?"

मी या बाटलीबद्दल कुणाला सांगितलं नव्हतं. घरी नाही, डॉक्टरांना नाही. नोंदवहीत सुद्धा नाही.

"नाही," मी म्हटलं.

आत जाऊन गोळ्या काढल्या. वीस मोजल्या. परत मोजल्या. कागदावर पसरून तिसऱ्यांदा मोजल्या. मग नाव घेतलं.

"श्रिया धीरज."

पडद्यापलीकडं धीरजनं हुंदका दिला. मी घोटत राहिले. खलाचा आवाज सोडून दुकानात काही नव्हतं.

बाटली पिशवीत घालून मी शटर ओढलं. "चल. मी येते."

*

देवास ते इंदूर एक बस, इंदूर ते धार दुसरी. घाटाबिल्लोदला बस थांबली तेव्हा धीरजनं मला कैरीचं पन्हं आणून दिलं आणि स्वतः खाली सावलीत उभा राहिला. मी बाटली मांडीवर धरून होते. तीही गरम झाली होती. तिला थंड जागी ठेवायचं असतं. लेबलावर मीच लिहिते.

धारला तलावाच्या मागची गल्ली. जानकीबाईंचं दार बंद. त्याच्या शेजारचं धीरजनं हळूच ढकललं.

आत शिवणयंत्र, ब्लाउजांचे कापलेले तुकडे, कोपऱ्यात पाळणा. आढ्याला काटा. काट्याला झोळी.

मी चपला काढल्या आणि माझ्या लक्षात आलं की मी टाचा टेकवत नाहीये.

कृतिका जमिनीवर बसली होती. तिला मी पहिल्यांदाच बघत होते. वय पंचवीस असेल. केसांत दोरा अडकलेला.

"तुम्हीच का त्या?" ती म्हणाली. "बसा. हळू बोला हं."

"कृतिका," मी म्हटलं, "मला जानकीबाईंनी सांगितलं."

"हो. सगळे सांगतात." तिनं दोरा केसांतून काढला. "माझं माहेर निसरपूर. धरणाचं पाणी आलं तेव्हा सगळे सांगत होते, गाव गेलं, आता नवीन जागी चला. गेलो. पण उन्हाळ्यात पाणी उतरतं ना, तेव्हा माझी आई जुन्या घरी जाते. चिखल काढते. उंबऱ्याला हळदकुंकू लावते. लोक हसतात. ती म्हणते, घर वर यायला धडपडतंय, मी सारवायला नको?"

धीरज भिंतीला टेकून उभा होता. त्याचं लक्ष काट्यावर होतं.

"गुड्डी पण धडपडतेय," कृतिका म्हणाली. "चांगली वर येत होती. या अकरा दिवसांत काय झालं कळत नाही."

मी पिशवीतून बाटली बाहेर काढली.

ती उठली. पाळण्यापाशी वाकली, दोन्ही हात आत घातले, आणि उचलताना तिच्या कमरेला जो ताण आला तो मी बघितला. तो खोटा करता येत नाही. ती काट्याखाली आली. झोळीच्या फटीत हात सोडले आणि बाजूला झाली.

झोळी सपाट होती. कापडाला कापड चिकटलेलं.

काटा आठच्या खाली उभा होता.

सात नऊशे. सात आठशे. सात नऊशे.

श्वासासारखा.

"तुम्हीच द्या," कृतिका म्हणाली. "तुमच्या हातचं आहे."

मी बाटली हलवली. सिरिंजमध्ये दोन मिली ओढलं. माप बरोबर घेतलं. माझा हात मापात चुकत नाही, असं तोवर मी

सिरिंज झोळीवर धरली. कुठं धरायची ते कळेना. कृतिकानं माझं मनगट धरून थोडं डावीकडं नेलं.

"इथं."

मी थांबले.

दट्ट्या आत जायला लागला.

मी दाबला नव्हता. माझा अंगठा त्याच्यावर नव्हताच.

सावकाश. मध्ये थांबून. परत.

कापड कोरडं राहिलं.

थोड्या वेळानं धीरजनं काटा वाचला. "आठ," तो म्हणाला. आणि मग, हसण्याचा प्रयत्न करत, "दो किलो बाकी, काकू."

*

ते औषध मी अजून बनवते. वर्ष होत आलं. नाव घेते, गोळ्या तीनदा मोजते. पहिल्यासारखी ती आता भरभर वाढत नाही. शंभर ग्रॅम, दीडशे ग्रॅम, एखाद्या महिन्यात काहीच नाही. पण खाली येत नाही. परवाच्या चिठ्ठीवर नऊ किलो आठशे होतं.

बाटली घेऊन धीरज दारात घुटमळला.

"काकू, एक विचारू? दहा झाली की मग काय? डॉक्टर साबकडं काय घेऊन जायचं?"

मी म्हटलं, "होऊ तर दे."

"कृतिकानं फ्रॉक शिवून ठेवलाय. दवाखान्यात न्यायला."

"चांगलं केलं."

"तिला वाटतं, तुम्हाला माहीत असेल पुढचं." तो माझ्याकडं बघत होता. "तुमच्यावर लय विश्वास आहे तिचा. म्हणते, बाकी सगळ्यांनी हात सोडला, एक देवासच्या काकूंनी नाही सोडला."

मी आत जाऊन खल धुतला. धुतलेलाच होता.

*

गेल्या वर्षी नऊ जानेवारीला संध्याकाळी दुकान आवरताना गोंदाच्या बरणीमागं मला गोळ्यांच्या दोन पट्ट्या सापडल्या. चाळीसच्या, वीसच्या वीस जागेवर. मी त्या खोक्यात परत ठेवल्या आणि शटर ओढलं. त्या दिवशी मी एकच बाटली बनवली होती.